लॅपटॉपला खाचच नाही, डीव्हीडी लावू कुठे?

द्राक्षवेल | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी आईला अकरा इंची लॅपटॉप घेऊन दिला. हलका आहे, मांडीवर मावतो, व्हिडिओ कॉल आणि कीर्तनं ऐकायला पुरतो. काल पावसाआधी माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पंचवीसेक डीव्हीडी-व्हीसीडी निघाल्या. (आई सगळ्यांना 'सीडी'च म्हणते.) माझ्या शाळेचं गॅदरिंग, भावाची मुंज, दोन-तीन नाटकं, भजनं आणि तीन अगदी छोट्या, पुरीएवढ्या तबकड्या. त्यांच्यावर काकांच्या अक्षरात 'आबा सहस्रचंद्र २००५' असं लिहिलंय.

आई म्हणाली, "लाव बरं त्या." मी लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला. दोन यूएसबी, एक एचडीएमआय, एक हेडफोनचं भोक. सीडी घालायला जागाच नाही. आईचा विश्वास बसेना. "एवढे पैसे मोजले आणि खाच नाही?" टीव्हीचा जुना डीव्हीडी प्लेयर २०१९ मध्येच भंगारवाल्याकडे गेला, तोही वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर.

तर काय घेऊ, कुठून घेऊ? बजेट दोन हजार. नाशिकला गंगापूर रोडला राहते, एम. जी. रोडपर्यंत जायची तयारी आहे.

---

सातपूरकर | १४ जून, रात्री १०:०५

यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. स्लिम येतो, साधारण दासबोधाच्या छोट्या आवृत्तीएवढा. मला बाराशेला पडला होता. 'डीव्हीडी रायटर' म्हणून मागा. नुसता वाचणारा आता कुणी ठेवत नाही. दुकानदार ब्लू-रेवाला दाखवून जास्त पैसे मागेल. तुमच्या डब्यात ब्लू-रे नसेल तर त्याच्या नादी लागू नका.

यूएसबी २ की ३ याची काळजी नको. डीव्हीडीवरचा व्हिडिओ सेकंदाला जास्तीत जास्त १० मेगाबिटच्या आसपास जातो, यूएसबी २ ची वाट ४८० ची आहे. वेगाचा प्रश्नच नाही, प्रश्न विजेचा येतो. तो आला की लिहा, येईलच.

---

पंचवटीचा पप्या | १४ जून, रात्री १०:३१

२००५ च्या तबकड्या कशाला उकरता? नाटकं यूट्यूबवर पडलेली आहेत, फुकट.

---

द्राक्षवेल | १४ जून, रात्री १०:३८

आबांचं सहस्रचंद्रदर्शन यूट्यूबवर टाकलंय का कुणी, बघून सांगा पप्याभाऊ.

---

पंचवटीचा पप्या | १४ जून, रात्री १०:४०

बरं बरं. चूक झाली.

---

टेपरेकॉर्डर | १५ जून, सकाळी ६:५०

द्राक्षवेलताई, विकत घेण्याआधी एक बघा. घरात, शेजारी, कुणाच्या ऑफिसात जुना डेस्कटॉप आहे का? त्याला ड्राइव्ह असणारच. त्यावर तबकडी घालायची, सगळं हार्डडिस्कवर उतरवून घ्यायचं आणि मग ते लॅपटॉपवर बघायचं. एक पैसा लागत नाही. मी सिडकोतल्या आमच्या सोसायटीत तीन घरांचं हे काम असंच केलंय.

जुना मोडका लॅपटॉप असेल तर त्याचा ड्राइव्ह काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये (बाहेरच्या डबीत) बसवता येतो. फक्त जाडी मोजून घ्या, १२.७ मिमी आणि ९.५ मिमी असे दोन प्रकार आहेत. डेस्कटॉपचा जाडा ड्राइव्ह मात्र यूएसबीला लावायच्या फंदात पडू नका. त्याला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, टेबलावर वायरींची भेंडीची भाजी होते.

आणि महत्त्वाचं म्हणजे बघू नका, आधी उतरवा. वीस वर्षांची तबकडी पुढच्या खेपेला चालेलच याची खात्री नाही. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या तबकडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरावर जळून उमटलेली असते आणि तो थर ऊन-उकाड्याने विटतो. दुकानातल्या छापील डीव्हीडीत खड्डे साच्यातूनच पाडलेले असतात, त्या जास्त टिकतात. म्हणजे जी नाटकं कुठेही मिळतील ती शाबूत राहणार आणि जे फक्त तुमच्याकडे आहे ते आधी जाणार.

---

सातपूरकर | १५ जून, सकाळी ८:१५

टेपकाकांना अनुमोदन. फक्त ताई, तुमच्या अकरा इंचीत जागा किती आहे ते बघा. या छोट्या लॅपटॉपांत बऱ्याचदा ६४ जीबीच असतात आणि त्यातली निम्मी विंडोजच खाते. एक भरलेली डीव्हीडी ४.७ जीबी (कंप्युटरवर ४.३८ दिसेल, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी), दोन थरांची असेल तर साडेआठ. पाच-सहा तबकड्यांत लॅपटॉप कोंदटेल.

---

द्राक्षवेल | १७ जून, रात्री ८:२०

डेस्कटॉप कुणाकडेच मिळाला नाही. सगळ्यांनी दिवाळीत काढून टाकलेत. म्हणून काल एम. जी. रोडला गेले. पहिल्या तीन दुकानांत "मॅडम, आता कोण घेतं" म्हणून हसले. चौथ्याने आतून धूळ झाडत एक काढून दिला, चौदाशे घेतले.

घरी येऊन लावला. दिवा लागतो, तबकडी आत जाते, मग 'घुर्र... कट्... घुर्र... कट्' आणि विंडोज म्हणतं डिस्क घाला. आई म्हणाली, "चक्कीवाल्याचा पट्टा घसरल्यासारखं वाजतंय." परत करू का?

---

सातपूरकर | १७ जून, रात्री ८:४५

लॅपटॉपलाच थेट लावलाय, की मध्ये हब (एका पोर्टची अनेक करणारी डबी) आहे?

---

द्राक्षवेल | १७ जून, रात्री ८:४९

हब आहे. एका पोर्टला माऊस, दुसऱ्याला हब, त्यात ड्राइव्ह आणि हार्डडिस्क. उतरवायचं म्हणून हार्डडिस्कही लावली ना.

---

सातपूरकर | १७ जून, रात्री ९:१०

सांगितलं होतं, वीज. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर द्यायला बांधील आहे, यूएसबी ३ चं ९००. तबकडी उभ्या जागेवरून गरगर फिरवायला सुरुवात करताना मोटरला एकदम जास्त लागतं. ड्राइव्ह उलटा करून बघा, ५ व्होल्ट आणि एक अँपिअर किंवा त्याहून वर असा आकडा दिसेल. तुमच्या हबला स्वतःचा अडॅप्टर नसणार, म्हणजे एकाच पोर्टच्या पाचशेत हार्डडिस्क आणि ड्राइव्ह दोघं जेवायला बसलेत. मोटर उठते, वीज पुरत नाही, बसते, परत उठते. तेच तुमचं घुर्र-कट्.

ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टला लावा. माऊस काढा. तरी अडखळला तर दोन तोंडांची वाय-केबल मिळते. एक तोंड लॅपटॉपला, दुसरं मोबाइलच्या चार्जरला. हार्डडिस्क दुसऱ्या पोर्टला, लॅपटॉप चार्जिंगला ठेवूनच.

---

मेघदूत_ना | १७ जून, रात्री ९:२२

हेच्च! माझा ड्राइव्ह मी 'खराब' म्हणून दोन वर्षं कपाटात ठेवला होता. वाय-केबल लावली, चालू. वाचून कपाळावर हात मारला.

---

द्राक्षवेल | १८ जून, रात्री ९:३०

निळ्या पोर्टला लावल्यावर फिरला! पण गॅदरिंगची तबकडी निम्म्यात पुन्हा धापा टाकायला लागली, तेव्हा मेघदूत यांनी स्वतःची वाय-केबल आणून दिली. (कॉलेज रोडला भेटलो. इंटरनेटवरची माणसं खरीच असतात हे आईला पटवून द्यायला बरं झालं.) आता एकसारखा फिरतो.

पुढची अडचण. डबल क्लिक केलं तर चित्रपट सुरू होत नाही, नुसते फोल्डर दिसतात. व्हिडिओ_टीएस, ऑडिओ_टीएस. ऑडिओवाला रिकामा आहे! आवाज गेला का?

---

टेपरेकॉर्डर | १९ जून, सकाळी ६:४०

आवाज कुठेही गेला नाही. तो फोल्डर जवळपास सगळ्याच डीव्हीडींत रिकामा असतो. चित्र, आवाज, मेनू सगळं व्हिडिओ_टीएसमध्ये, व्हीओबी फाइलींत, एकेक फाइल जास्तीत जास्त १ जीबीची.

विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालवायची सोय सोबत द्यायची बंद केली. डीव्हीडीतला व्हिडिओ ज्या एमपेग-२ पद्धतीत असतो, तिचं परवानाशुल्क दर कंप्युटरमागे पडायचं आणि ड्राइव्ह असलेले कंप्युटर कमी होत चालले. व्हीएलसी हे व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेलं. त्यात मीडिया मेनू, ओपन डिस्क, प्ले. माणसं हलताना कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस चालू करा. जुन्या टीव्हीसाठी आडव्या ओळी एकाआड एक चित्रित केलेल्या असतात, म्हणून तसं दिसतं.

उतरवायला घरच्या तबकड्यांना काही विशेष लागत नाही. अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करा, फोल्डरला नाव-साल द्या, झालं. आईंना टीव्हीवर पेनड्राइव्हने बघायचं असेल तर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एमपी४ करा. छोट्या लॅपटॉपवर हे काम रात्रभर चालेल, चालू द्या. पण मूळ फोल्डर पुसू नका.

व्हीसीडी असतील तर त्यांत एमपेगएव्ही फोल्डरमध्ये डॅट फाइल असते. तीही व्हीएलसीवर चालते. चित्र धूसर दिसेल, मुळातच ३५२ बाय २८८ आहे.

---

पंचवटीचा पप्या | १९ जून, सकाळी ११:०२

नाटकांच्या विकतच्या डीव्हीडी पण कॉपी होतील का मग? माझ्याकडे मोझर बेअर कंपनीच्या पन्नासेक आहेत. ३४ रुपयांना एक मिळायची तेव्हाच्या.

---

सातपूरकर | १९ जून, दुपारी १:१५

३४ रुपये! सीबीएस बस स्टँडला गाडीची वाट बघता बघता दोन उचलायचो.

बऱ्याच विकतच्या डीव्हीडींना कुलूप असतं, फोल्डर नुसता कॉपी केला तर चित्राचा भुगा दिसतो. व्हीएलसी ती थेट चालवतं, तेवढ्यावर समाधान माना. कुलूप फोडायच्या युक्त्या इथे लिहू नका, कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने त्यावर कलम ६५अ आलंय. हा धागा उडायला नको.

बहिणीने अमेरिकेतून पाठवलेली एखादी असेल तर ड्राइव्ह रीजन (डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी याचा आकडा) बदलू का विचारेल. भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १. पाचच वेळा बदलता येतो, मग कायमचा अडकतो. उगाच हो-हो करत बसू नका.

---

द्राक्षवेल | २१ जून, संध्याकाळी ६:१०

हिशेब देते. मुंज उतरली. गॅदरिंग उतरलं (मी 'झाड' झाले होते, एकही संवाद नाही, पाऊण तास उभी). भजनाच्या व्हीसीडी चालल्या. दोन तबकड्यांवर ओरखडे आहेत, ९२ टक्क्यांवर येऊन अडकतात. एकीवर स्टुडिओने चिकटवलेला कागदी फोटो आहे, ती आत गेली की टेबल थरथरतं.

---

पंचवटीचा पप्या | २१ जून, संध्याकाळी ६:४०

ओरखड्यांना टूथपेस्ट. पांढरी, जेलवाली नाही. केळ्याचं साल पण चालतं.

---

मेघदूत_ना | २१ जून, संध्याकाळी ६:४४

आणि वरून लिंबू पिळा. 😄

---

टेपरेकॉर्डर | २२ जून, सकाळी ७:००

हसू नका, पप्या अर्धा बरोबर आहे. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन पारदर्शक चकत्या, माहितीचा थर मध्ये. खालचा ओरखडा नुसत्या प्लॅस्टिकवर असतो, हलक्या पॉलिशने बुजू शकतो. पण पॉलिश हा शेवटचा उपाय. आधी मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसा. आपण भाकरी थापल्यासारखं गोल गोल पुसतो ते चूक. गोल ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर लांबवर जातो आणि वाचणाऱ्या किरणाला सावरता येत नाही, आडवा पडला तर तो ओलांडून जातो.

सीडी आणि व्हीसीडीचं उलटं आहे. तिथे माहितीचा थर अगदी वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतो. वरून नख लागलं तरी खेळ खलास. उजेडासमोर धरा, सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर तेवढं गेलं. टूथपेस्ट काय, गोदेत बुडवून आणली तरी येणार नाही.

कागदी फोटो ओढून काढू नका. त्याने तोल जातो म्हणून थरथर आहे. व्हीएलसीत हळू चालवून बघा.

---

द्राक्षवेल | २२ जून, दुपारी ४:२५

पुसून एक पूर्ण उतरली! दुसरी ९२ चे ९६ झाली, सोडून दिली.

पण आता खरी पंचाईत. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या आबांच्या तीन पुरीएवढ्या तबकड्या. ट्रेमध्ये मधल्या खुंटीवर नीट बसतात, फिरतात, आणि विंडोज म्हणतं डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करायची का? तिन्हींना तेच. खालून पाहिलं तर दोन रंगांचे पट्टे दिसतात, म्हणजे काहीतरी लिहिलेलं आहे. फॉरमॅट केली तर वाचेल का?

---

सातपूरकर | २२ जून, दुपारी ४:२७

हात लावू नका!!! नाही म्हणा. ड्राइव्हमधून बाहेर काढा.

---

टेपरेकॉर्डर | २२ जून, दुपारी ४:५०

घाम फुटला वाचून. ताई, ही हँडीकॅमची तबकडी आहे. ८ सेंटिमीटरची, १.४ जीबीची, नेहमीच्या दर्जाला अर्धा तास मावतो. तेव्हा कॅसेटऐवजी थेट डीव्हीडीवर चित्रण करणारे कॅमेरे आले होते. त्यात चित्रण संपल्यावर मेनूत जाऊन 'फायनलाइज' करावं लागायचं. म्हणजे वहीला शेवटी अनुक्रमणिका लिहून टाके घालण्यासारखं. निम्म्या लोकांनी ते कधी केलंच नाही, कारण कॅमेऱ्यावर दिसायचं, टीव्हीला कॅमेरा जोडून बघितलं, झालं. दुसऱ्या यंत्राला अनुक्रमणिका सापडत नाही, म्हणून ते 'रिकामी' म्हणतं. तुमचं चित्रण आत आहे.

उत्तम उपाय म्हणजे तोच कॅमेरा शोधा. बॅटरी मेलेली असणार, अडॅप्टरवर चालवा. फायनलाइज करताना तसाही अडॅप्टर लावायचाच असतो, मध्ये वीज गेली तर तबकडी बाद. महावितरणचा वार बघून करा, इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम. कॅमेरा नाहीच मिळाला तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर अशा अर्धवट तबकडीतून माहिती काढू शकतं. पण आधी कॅमेरा.

---

द्राक्षवेल | २२ जून, संध्याकाळी ७:३५

कॅमेरा कुठे आहे ते माहीत आहे. तीच तर गोची आहे.

आता सांगूनच टाकते. आईला आबा बघायचे नाहीत. म्हणजे आहेत, पण मूळ कारण वेगळं. आई आणि मावशीचं गेले चार महिने पैठणीवरून बिनसलंय. आईची येवल्याची पैठणी, जांभळी, मोराच्या पदराची. आईचं म्हणणं, सहस्रचंद्राला मावशी ती नेसली आणि परत दिलीच नाही. मावशीचं म्हणणं, "मी त्या दिवशी साधी नारायणपेठ नेसले होते, तुझी पैठणी तूच कुणाला तरी दिलीस." पुरावा त्या तीन तबकड्यांत. आणि काका गेल्यावर त्यांचा कॅमेरा मावशीकडे गेला. नाशिकरोडला, तिच्या शोकेसमध्ये आहे.

---

मेघदूत_ना | २२ जून, संध्याकाळी ७:३८

खुर्ची ओढून बसलोय.

---

पंचवटीचा पप्या | २२ जून, संध्याकाळी ७:४१

आरोपीकडेच मुद्देमाल! मी येऊ का घ्यायला? दुचाकी आहे.

---

टेपरेकॉर्डर | २३ जून, सकाळी ६:४५

आईंना फोन करू देऊ नका, तुम्ही करा. "आबांचं चित्रण जपून ठेवायचंय" एवढंच सांगा, ते खोटंही नाही. कॅमेऱ्याबरोबर त्याचाच अडॅप्टर मागा. व्होल्ट जुळतात म्हणून दुसरा कुठलाही लावू नका.

---

द्राक्षवेल | २८ जून, रात्री १०:५५

झालं! सविस्तर लिहिते.

मावशी कॅमेरा द्यायला तयार झाली, पण स्वतः घेऊन येणार म्हणाली. आज दुपारी आली. आईने पोहे केले, बोलली नाही. कॅमेऱ्याचं झाकण उघडेना, बिजागरीत वीस वर्षांची धूळ. फुंकून, ब्रशने साफ केल्यावर उघडलं. अडॅप्टर लावला, तबकडी घातली आणि त्या दोन इंची पडद्यावर एकदम आबा! दोघी बहिणी एकाच वेळी पुढे सरकल्या, डोक्याला डोकं आपटलं.

प्रत्येक तबकडीला फायनलाइज व्हायला काही मिनिटं लागली. तेवढ्यात दोनदा दिवे मिचमिचले, माझा जीव खालीवर. तिन्ही झाल्या. ड्राइव्हमध्ये घातल्या, व्हिडिओ_टीएस दिसला, आधी हार्डडिस्कवर उतरवल्या (टेपकाका, शपथ, आधी उतरवल्या) आणि मग एचडीएमआयने टीव्हीला लावलं.

दीड तास चित्रण. पंचवटीचा वाडा, आबांना चांदीच्या ताटात ओवाळणं, भटजी मोबाइलवर बोलतायत, मी दात पडलेली. आणि मावशी? एकाही चित्रात नाही. काकांनी कॅमेरा तिच्याच हातात दिला होता! दीड तास नुसता तिचा आवाज, "अगं सरक, उजेड अडतोय", "आबा, इकडे बघा, इकडे." एकदा देवघराच्या आरशात कॅमेरा धरलेली बाई दिसते, पण तिथेच कुणीतरी उदबत्ती फिरवली आणि धुरात काठ जांभळा की तपकिरी काही कळेना. ते दृश्य सतरा वेळा मागे-पुढे केलं. सातपूरकर, तेवढी जागा मोठी करून बघता येते का?

---

सातपूरकर | २८ जून, रात्री ११:१०

व्हीएलसीत झूम आहे, पण ७२० बाय ५७६ मधून काठ-पदर निघणार नाही. ठिपके मोठे दिसतील एवढंच.

---

मेघदूत_ना | २८ जून, रात्री ११:१२

मग आता?

---

द्राक्षवेल | २८ जून, रात्री ११:२०

आई म्हणते धुरातही जांभळाच आहे. मावशी म्हणते डोळे तपासून घे. पण मावशी रात्री जेवायला थांबली, आणि आता दोघी आत मुंजीची बघतायत. बहुतेक त्यात कोण काय नेसलंय ते शोधतायत.

ड्राइव्हचं माझं काम झालं. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, फक्त परत करा. एकेका कामासाठी प्रत्येकाने चौदाशे कशाला घालायचे?

---

पंचवटीचा पप्या | २९ जून, सकाळी ९:३०

मला द्या. बहिणीच्या लग्नाच्या चार आहेत, २००८ च्या. आज संध्याकाळी येतो.

---

टेपरेकॉर्डर | २९ जून, सकाळी ९:४५

पप्यानंतर मला. आमच्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हचा ट्रे बाहेर येईना झालाय.

---

मेघदूत_ना | ६ जुलै, रात्री ८:१५

माझी वाय-केबल सध्या कुणाकडे आहे?

---

पंचवटीचा पप्या | ६ जुलै, रात्री ८:४०

ती लागते का? मी ड्राइव्ह टेपकाकांना तसाच दिला.

---

टेपरेकॉर्डर | ७ जुलै, सकाळी ६:३५

घुर्र-कट्.